उताराचा गिअर

सुपडूने तळोदा-मोलगी जीप एकतीस वर्षं हाकली, आणि एवढ्या वर्षांत घाटात कुणाला तोंड उघडू दिलं नाही. उतार लागला की जीपमधल्या झाडून सगळ्यांनी मिठाची गुळणी धरायची. तिथल्या सगळ्याच ड्रायव्हरांचा हा कायदा होता म्हणा. स्टेअरिंगवाल्याला घाटात शहाणपण शिकवायचं नाही. कायदा चांगलाच. पण रुसलेल्या माणसाच्या हाती तो लागला की काय होतं, ते ऐका.

त्याच्या मुलाने, नवनीतने, ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, दांडा D वर टाकला की गिअर आपले आपण पडतात. म्हाताऱ्याने चार दिवस अंगणात त्या गाडीची उलटतपासणी केली. दांडा M कडे सरकवला की गिअर आपल्या हाती येतो, हे त्याने कुणाला न विचारता शोधून काढलं. तो खूश झाला. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, इंजिनाने गाडी धरून ठेवायची, हे नव्या गाडीतही चालत होतं तर.

मोलगीच्या बाजाराला निघताना त्याने मुद्दाम विषय काढला. "हाई M कसाले शे रे?"

"ते लागस नही, आबा. गाडी सोता देखी लेस. हाई काय तुम्हनी जीप शे?" नवनीत हसला. मागे बसलेली गजराबाईही हसली.

सुपडूला ते हसू झोंबलं. बायकोचं जरा जास्तच.

गजराबाईने बाजारातून पाच किलो भगर घेतली, नि ते परत फिरले. उताराला गाडी D वरच होती. गॅसवरून पाय निघाला की D मधली गाडी आपोआप वरचा गिअर घेते आणि मोकळी सुटते. मग नवनीत ब्रेक दाबून धरायचा. तिसऱ्या वळणाला वास आला.

"काय जळी ऱ्हायनं रे?" गजराबाईने विचारलं.

"पुढला ट्रकना वास शे, माय."

पुढे ट्रक होता खरा, पण वास आपल्याच ब्रेकचा होता. सुपडूला तो झोपेतही कळला असता. तो खिडकीबाहेर बघत राहिला. घाटात बोलायचं नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. खोटं होतं ते. त्याला सकाळचं हसू फेडून घ्यायचं होतं. जरा घाबरू दे, मग आपणच विचारेल, आबा, आता काय करू?

आणखी दोन वळणं गेली आणि ब्रेकचं पेडल तळाला टेकलं, गाडी काही थांबेना. सुपडूने झडप घालून दांडा M वर ओढला, गिअर खाली घेतला, आणखी खाली. इंजिन ओरडलं. गाडी आवरतही होती, पण वळण आधी आलं. नवनीतने दरी चुकवून डोंगराकडे घातली. गाडी फिरली आणि मागची बाजू खडकावर आदळली, तिथेच गजराबाई बसली होती.

दहाव्याला अंगणात माणसं जमली. नवनीत अजून रडला नव्हता. येईल त्याला एकच सांगायचा, "आबा इतला जुना ड्रायव्हर, त्यास्ले बी नही समजनं, मंग माले कथाइन समजी?" त्या एका वाक्यावर पोरगा उभा होता.

सुपडूबरोबर जीप चालवलेला वाहरू जवळ सरकला. "सुपडूभाऊ, तुले वास नही उना?"

नवनीतने मान वर केली. सुपडूला ओरडून सांगायचं होतं, आला होता, मीच मारली तिला, मला जोड्याने मारा. पण माय गेलेल्या पोराचा बापही त्याच क्षणी गेला असता.

"नही उना," तो म्हणाला. "नाक गयं मन्हं म्हतारपणमा."

वाहरूने त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं, आणि तो उठून आपल्या चपला शोधू लागला. नवनीतने बापाच्या मांडीत डोकं घालून हंबरडा फोडला. सुपडू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला स्वतःला मात्र रडता येईना. हे सांगावं असं माणूस त्याला आयुष्यात एकच होतं, आणि ती गजराबाई होती.