माझ्या पाठीवरचे नाव

मी एक जुना धावफलक आहे. सध्या कुवेतमधल्या राई या भागातल्या एका गोदामात, टायरांच्या ढिगाला टेकून उभा आहे. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. पुढून काळा, मागून करडा. मित्रांनो, लोक माझी पुढचीच बाजू पाहत आले, कारण आकडे तिथे लागत. मला मात्र आज माझ्या पाठीबद्दल सांगायचे आहे.

माझा जन्म १९९४च्या ऑक्टोबरात, इथेच राईत झाला. तेलकंपनीची यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून येत, ती फोडून माझ्या फळ्या निघाल्या. त्या फळ्या आणल्या प्रसाद यांनी. ते नाशिकचे, तेलकंपनीत इंजिनिअर. मला जोडले आणि रंगवले नूरुद्दीन यांनी. ते दापोलीकडचे, शोरूमच्या पाट्या रंगवणारे. तुपाचे चौकोनी डबे कापून त्यांनी आकड्यांचे पत्रे केले. त्यांचा आठ इतका नेमका होता, की उलटा टांगला तरी कोणाला कळले नसते. त्यांना मात्र कळायचे. मग ते शिडी लावून तो सरळ करत आणि मगच पुढचा चेंडू पाहत.

'धावा', 'गडी', 'षटके' हे शब्द त्यांनी देवनागरीत लिहिले. आकडे इंग्रजी ठेवले, कारण सामना पाहायला श्रीलंकेचे ड्रायव्हर आणि पाकिस्तानी सुतारही येत. त्यांना धावांचा अर्थ सांगावा लागला नाही.

खैतान नावाच्या वस्तीमागे एक मोकळे मैदान होते. गवताचे पातेही नाही. मधोमध सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर काथ्याची चटई. तिथे दर शुक्रवारी आमची लीग चाले. सहा संघ होते. चार पुण्या-मुंबई-नाशिककडच्या नोकरदारांचे, दोन रत्नागिरी-रायगड किनाऱ्यावरच्या मुसलमान मंडळींचे. सकाळी एक सामना होई. मग जुम्म्याच्या नमाजासाठी सुट्टी. लोक मशिदीत जाऊन, जेवून परत आले की दुसरा सामना सुरू होई.

दुपार कलली की असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ होई. मक्का इथून नैर्ऋत्येला आहे आणि हिवाळ्यात त्या वेळी सूर्यही नेमका तिकडेच उतरलेला असतो. मैदानात तिकडे तोंड करून उभे राहिले तर ऊन सरळ डोळ्यांत जाते. मी मैदानाच्या ईशान्य कडेला होतो. त्यामुळे माझी सावली माझ्या मागे पडे. पहिल्याच वर्षी नूरुद्दीन तिथे सतरंजी अंथरून उभे राहिले. पुढच्या शुक्रवारी तिघे झाले, मग दहा-बारा. त्यांच्या डोळ्यांसमोर माझी करडी, कोरी पाठ असे. कोणी नियम केला नव्हता. सात वर्षे ते तसेच चालले. प्रसाद यांना हे माहीत नव्हते. तेवढा वेळ ते पलीकडच्या कनातीत चहाची व्यवस्था पाहत असत आणि परत येईपर्यंत नूरुद्दीन शिडीवर चढलेले असत.

२००१च्या हंगामात चटई जागोजागी उसवली. तिच्या एका फाटलेल्या कडेशी चेंडू उसळला आणि आदित्य या सलामीच्या फलंदाजाची भुवई फुटली. चार टाके पडले. आता नवी चटई आली नाही तर लीग बंद करायची, असे प्रसाद यांनी ठरवले. मदतीसाठी त्यांनी कितीतरी दुकाने आणि कंपन्या पालथ्या घातल्या. शेवटी एकच जण तयार झाला. ती परदेशातली एक बिअर कंपनी होती.

कुवेतमध्ये दारूला बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या कंपनीचे जे पेय इथल्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात मिळे, त्यात दारूचा थेंबही नव्हता. बाटली मात्र तीच आणि नावही तेच. कंपनी चटई देणार होती. बदल्यात माझ्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंवर तिचे नाव लागणार होते. मागची बाजू रस्त्याकडे होती ना.

"नूरभाई, पुढच्या शुक्रवारच्या आत दोन्हीकडे नाव काढून द्या," प्रसाद म्हणाले.

नूरुद्दीन यांनी कागदावरचे नाव पाहिले. "प्रसादभाऊ, हे माझ्या हातून होणार नाही."

"अहो, त्यात काही नाही. जवाचं पाणी आहे. मी लेबल वाचलंय."

"तुम्ही लेबल वाचलंत. मी नाव वाचलं."

"मग आकडे कोण लावणार?"

"मीच लावीन की. आकड्यांनी काय पाप केलंय?"

एवढ्यावर बोलणे थांबले. दुसऱ्या रंगाऱ्याने येऊन माझ्या अंगावर हिरव्या-पिवळ्या रंगात ते नाव लिहिले. पाठीवरची अक्षरे तर माणसाएवढी उंच होती.

त्या शुक्रवारी सामन्यापेक्षा माझीच चर्चा जास्त झाली. पिकअपच्या मागच्या फळीवर बसलेले प्रेक्षक गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

"दारू नसलेली बिअर म्हणजे बिनमिठाचं लोणचं!"

"अरे, शतक मारलं तर पेटी देणार म्हणतात."

"मग तुला काय भीती? तुझ्या जन्मात पेटी येत नाही!"

हसणे झाले, पण त्यामागे काळजीही होती. किनाऱ्याकडचे दोन संघ लीग सोडणार, अशी कुजबुज मी सकाळपासून ऐकत होतो. दोन संघ गेले असते तर चार उरले असते. नवी चटई कोणासाठी अंथरायची, असा प्रश्न होता. पुण्याचा एक पेन्शनीला आलेला प्रेक्षक म्हणाला, "आपल्याला चालतं म्हणून त्यांनाही चाललं पाहिजे, हे कुठलं शास्त्र?" कंपनीने फुकट वाटायला पेट्या पाठवल्या होत्या. घसे कोरडे पडले होते. तरी किनाऱ्याकडच्यांनी हात लावला नाही आणि त्यांच्याकडे पाहून इतरांनीही लावला नाही. पेट्या बंदच राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी बाटली फोडली नाही. मी अनेक सामने पाहिले, मित्रांनो, पण प्रेक्षकांचा इतका सभ्य खेळ दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या सामन्यात असरची वेळ झाली. पाठीवरचा ओला रंग धुळीने खराब झाला का, हे पाहायला प्रसाद प्रथमच त्या वेळी माझ्या मागे आले. माझी सावली रिकामी होती. तिथून वीस पावलांवर, भर उन्हात, अकरा माणसे एका रांगेत उभी होती. सतरंजीची कडा वाऱ्याने उडत होती म्हणून तिच्यावर चपला ठेवल्या होत्या. ऊन सरळ त्यांच्या चेहऱ्यावर येत होते. ती माणसे अशी तिरकी सरकली होती, की समोर मी येऊ नये.

प्रसाद जागीच थांबले. नमाज संपल्यावर त्यांनी साकिबला गाठले. साकिब किनाऱ्याकडच्या संघाचा कर्णधार होता.

"साकिब, तुम्ही दर शुक्रवारी इथे... माझ्या या फळीमागे?"

"सात वर्षं झाली, प्रसादभाऊ. तुम्ही चहात असता."

"मग सांगितलं का नाही कोणी?"

साकिबने नूरुद्दीनकडे पाहिले. ते सतरंजी झटकत होते. झटकून, घडी घालून मग बोलले.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात. मग चटई गेली असती आणि लोक म्हणाले असते, नमाजवाल्यांनी लीग बुडवली. त्यापेक्षा वीस पावलं काय जड आहेत?"

डाव संपल्यावर प्रसाद पिकअपच्या फळीवर चढले आणि सगळ्यांसमोर बोलले. भाषण लहान होते. "चूक माझी झाली. सात वर्षं मी या फलकाची एकच बाजू पाहिली. कंपनीचा यात दोष नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. हे नाव उद्या निघेल. चटई मिळणार नाही. लीगचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

आदित्यच्या भुवईवर अजून पट्टी होती आणि लोक त्याच्याकडे पाहू लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" तो म्हणाला. "चेंडू मीच नीट खेळलो नव्हतो."

तेव्हा साकिब चटईपाशी गेला आणि फाटलेली कड बोटांनी उलटून पाहू लागला. "भाऊ, आमचे बाप-चुलते जाळी विणायचे. एवढं भोक शिवता येत नाही, असं घरी कळलं तर गावात घेणार नाहीत आम्हाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामे संपवून किनाऱ्याकडचे दोन्ही संघ जाड नायलॉनचा दोरा आणि लाकडी सुया घेऊन आले. मासेमारीच्या जाळ्याच्या गाठीने त्यांनी चटई शिवली. पुण्या-नाशिकचे इंजिनिअर कडा ताणून धरत होते आणि "सोडू नका ओ, मोजमाप नंतर करा!" अशी बोलणी खात होते. ती चटई आणखी चार हंगाम टिकली.

त्याच संध्याकाळी प्रसाद करड्या रंगाचा डबा घेऊन माझ्या मागे आले आणि स्वतः रंग लावू लागले. नूरुद्दीन थोडा वेळ पाहत राहिले.

"भाऊ, रंग लावताय की भाकरीला तूप?"

"मग तुम्ही लावा."

"वरचं तुमचं राहू दे. खालचं मी करतो."

म्हणून माझ्या पाठीचा वरचा भाग आजही ओबडधोबड आहे आणि खालचा आरशासारखा सपाट. पुढचे नाव नूरुद्दीन यांनी एकाच हातात पुसले. कंपनीचा माणूसही भला होता. त्याने पेट्या परत नेल्या, वाद घातला नाही. पुढच्या शुक्रवारी माझ्या सावलीत सतरंजी पडली आणि ती रांग पुन्हा माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मला हात असते तर मी ऊन आणखी थोडे अडवले असते.

२००७ साली विजेवर चालणारा फलक आला आणि मी या गोदामात आलो. नूरुद्दीन त्याआधीच दापोलीला परतले होते. इथे माझ्यावर धूळ बसते, उंदीर फळ्या कुरतडतात. मला त्याचे दुःख आहे, पण तक्रार नाही. मित्रांनो, एवढेच मागणे आहे, की माझ्यासारखी जुनी वस्तू मोडण्याआधी किंवा रंगवण्याआधी एकदा तिच्या मागे जाऊन या. तिथे कोण उभे राहते, केव्हा आणि कशासाठी, हे विचारा. ते विचारायला वेळ लागत नाही.

नव्या फलकावर दर वर्षी वेगळ्या प्रायोजकाचे नाव झळकते, असे साकिब परवा टायर न्यायला आला तेव्हा सांगत होता. प्रत्येक करारात प्रसाद आपल्या हाताने एक ओळ घालतात आणि ती मान्य नसेल तर सही करत नाहीत. ती ओळ अशी: फलकाची मागची बाजू कोरी राहील.