खाष्ट रान

पाऊस उघडला त्याच सकाळी ताईने रानातल्या वाटेवर काट्याच्या फांद्या आणून टाकल्या. ही वाट म्हणजे माझ्या पिठाच्या गिरणीचा जीव. गावातून निघायचं, ओढा ओलांडून वरच्या सपाटीवर चढायचं, ताईचं रान तिरकं कापायचं, की माणूस थेट माझ्या दारात. बांधाबांधाने फिरून यायचं तर डोक्यावरचं दळण मानेत उतरतं. मग कोण कशाला येईल? मी बाह्या सरसावून भांडायलाच गेले.

"काय गं, वाट काय तुझ्या एकटीची आहे?"

"वाट नाही. रान माझ्या एकटीचं आहे."

"तुझे बाबा होते तेव्हाही सगळे इथूनच जायचे."

"आणि तेव्हा या वाटेवर काय उगवायचं? गवताची काडी तरी बघितलीस कधी?"

"वाटेवर गवत कशाला उगवेल बाई? वाट आहे ती!"

"तेच म्हणते मी. ही माती ओली असताना तिच्यावर पाय पडला की तिचा दगड होतो. सुकेपर्यंत इथे माणूस नको, शेळी नको, कुत्रंसुद्धा नको. बांधावरून जा."

मी तोंडाला येईल ते बोलले. तिने ऐकून घेतलं, आणखी एक फांदी ओढली आणि बरोबर माझ्या पायापुढे टाकली. मी तणतणत परत आले, तेही बांधावरूनच. तिच्या हातात तोवर दुसरी फांदी होती ना!

ताईच्या हट्टाचं मूळ तिच्या भावात होतं. बाबा गेल्यावर मागे राहिली ही दोघं. ताई थोरली, म्हणून साऱ्या गावाची ती ताईच. तिने लग्न केलं नाही, आईबाबांची दुखणी काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. भाऊ धाकटा, गावात त्याला सगळे उतावळ्या म्हणतात. भात शिजायच्या आधी झाकण काढणारा माणूस! वाटणी झाली तेव्हा ओढ्याकाठची हलकी, भुसभुशीत जमीन त्याने घेतली. वरच्या सपाटीचे दोन भाग केले, एक स्वतःला ठेवला आणि उरलेला ताईला दिला. तोंडाने मात्र म्हणाला, "बहिणीला डावललं असं कुणी म्हणू नये."

त्या सपाटीला आम्ही खाष्ट रान म्हणतो. ओढ्याने जुन्या काळी पुरात आणून टाकलेली ती चिकट काळी माती. ओली असली की पायातली चप्पल काढून घेते, सुकली की कुदळ उडवून लावते. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की वाटणीच्या मोजणीला उतावळ्या आला तेव्हा त्याच्या हातातला ट्रॅक्टरचा पाना एका भेगेत गेला. पोटावर झोपून त्याने खांद्यापर्यंत हात घातला. पाना काही लागला नाही. मोजणीला जमलेले सगळे हसले, ताई सगळ्यात जास्त हसली. ते हसणं त्याने मनात धरलं.

दुसऱ्याच दिवशी चहाच्या दुकानात चार माणसांसमोर तो म्हणाला, "ताईने या हंगामात ते रान पेरून दाखवावं. नाही जमलं तर ते रान मी कसणार, आणि तिने मुकाट्याने आमच्या मागच्या खोलीत येऊन राहायचं."

ती खोली मी पाहिलेली आहे. बटाट्याची पोती, पाण्याची मोटर, मोडकी सायकल, आणि त्यांच्या मधोमध एका खाटेची जागा. खिडकी नाही. तिथे राहायचं म्हणजे भावजयीची भांडी घासायची, पोरांची अंगं धुवायची आणि वर ऐकून घ्यायचं की आम्ही हिला सांभाळतो. ताईला हे सगळं कळत होतं. तरी ती म्हणाली, "चालेल. पेरून दाखवते."

आता गंमत बघा. गावात ट्रॅक्टर एकच, तो उतावळ्याचा. "ताई, वाफसा येऊन माती नांगरण्याजोगी झाली की पहिलं तुझं रान नांगरतो," असं तो गोड बोलून गेला, आणि शेजारच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याला, जो त्याचा साडू, निरोप धाडला की इकडे फिरकू नकोस. हे मला त्या साडूच्या बायकोनेच सांगितलं. दळण दळताना बायका काय काय बोलतात, माझ्या कानांना विचारा.

मी आपलं भांडण बाजूला ठेवून ताईला सांगायला गेले. ती बांधावर काठी घेऊन बसली होती, डोक्यावर पोतं पांघरून. उतावळ्याच्या दोन शेळ्या तिने नुकत्याच हाकलल्या होत्या.

"तो येणार नाही," मी म्हटलं. "आज नको उद्या करत रान कडक होऊ देणार."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे? मग तू नांगरणार कशाने?"

"नांगरणारच नाही."

मला वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. तिने मला जुन्या विहिरीमागचा कोपरा दाखवला. तिथे काटेरी झुडपांचं दाट कुंपण आहे, आत कुणी जात नाही. "लहानपणी मला भाजी लावायला तेवढाच तुकडा दिला होता. नांगर आत शिरायचा नाही. पण दरवर्षी पाऊस गेला, ऊन पडलं, की वरची माती आपोआप फुटायची. फुगते, सुकते, फुटते. मी नुसती बोटाने बी खोचायचे."

"त्या टीचभर तुकड्याचं ठीक आहे गं. एवढ्या मोठ्या रानाचं जमेल?"

"मला काय ठाऊक!" ती एकदम ओरडली. मग खाली बघत म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? नाही जमलं तर त्या खोलीत कुजून मरेन मी. पण त्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत मरायचं नाही मला."

त्या दिवसापासून गिरणीत येणाऱ्या बायकांना मी स्वतः बांधावरून यायला सांगू लागले. त्यांनी मला शिव्या दिल्या. मी ताईला दिल्या होत्या तशाच.

तिकडे उतावळ्याला राहवेना. सपाटीवरचा आपला भाग बहिणीच्या आधी तयार करून दाखवायचा म्हणून त्याने चिखल असतानाच ट्रॅक्टर आत घातला. चाकं गरगरली, माती माझ्या गिरणीच्या भिंतीपर्यंत उडाली, आणि नांगरामागे लांबच लांब चकचकीत वड्या उलटून पडल्या. त्या उन्हात भाजून निघाल्या. चुलीएवढी ढेकळं झाली. मग तो आणि त्याचा गडी लाकडी मोगऱ्या घेऊन ती फोडत बसले. ठण ठण आवाज माझ्या गिरणीच्या आवाजावर चढायचा. ढेकूळ फुटायचं नाही, मोगरीचा दांडा मात्र तुटायचा.

ताईच्या रानावर आधी साल धरली, मग सालीला बारीक चिरा गेल्या. एकदा संध्याकाळी हलकी सर येऊन गेली, त्यावर पुन्हा कडक ऊन पडलं. एका सकाळी ताई गिरणीच्या दारात उभी. तिची मूठ मिटलेली होती.

"हात पुढे कर," ती म्हणाली, आणि माझ्या तळव्यावर माती ओतली.

माझा जन्म जात्यावर आणि गिरणीत गेला. पीठ बारीक आहे की जाड, हे मी अंगठ्याने सांगते. ती माती मी चोळून पाहिली. भरड होती ती! एकसारखी, जाड, मोकळी भरड. मी गिरणी तशीच सोडून रानात धावले. वर चार बोटं भरड, खाली बोट घातलं तर गार ओल. फक्त जुन्या वाटेचा पट्टा तेवढा दगडासारखा पडलेला, भेगा घेऊन. आमच्या पायांची करणी! मला त्या पट्ट्याकडे बघवेना.

"आता पाय टाकू का?" मी बांधावरूनच विचारलं.

"टाक. सुकली आता ती. आता चालतं तिला."

टोकदार काठीने भोक पाडायचं, हरभऱ्याचे दोन दाणे टाकायचे, हाताने माती सारायची. दोघींनी सुरुवात केली आणि दुपारी कंबर धरून उभ्या राहिलो, तेव्हा कळलं की या चालीने हंगाम निघून जाईल. तेवढ्यात बांधावरून कुरकुरत दोघी बायका दळण घेऊन आल्या.

मी म्हटलं, "तुमचं दळण होईपर्यंत माझ्या ओट्यावर बसून काय करणार? लोकांची उणीदुणीच काढणार ना? ती इथे काढा. ही घ्या काठी."

त्या दिवसापासून जी येईल तिच्या हातात मी काठी देत गेले. कुणी तासभर खोचलं, कुणी दुपारभर. गिरणी दळत राहिली, बायका पेरत राहिल्या, आणि गावातल्या एकाही घराची गुपितं शिल्लक राहिली नाहीत.

शेवटी एका सकाळी उतावळ्या गिरणीकडच्या रस्त्याने ट्रॅक्टर घेऊन आला. पंच म्हणून चहावाला आणि आणखी दोघं मागे चालत होते. रानात वर काहीच दिसत नव्हतं, नुसती काळी माती.

"बघा," तो म्हणाला. "सगळ्यांची पेरणी झाली, हिचं रान मोकळंच. नांगराची एक रेघ नाही. ताई, बाजूला हो."

"पेरलंय मी."

"कशात पेरलंस? नांगर नाही लागला, पेरणार कशात?"

"आत येऊ नकोस."

त्याने ट्रॅक्टर पुढे रेटला. ताई समोरून हलली नाही. त्याने करकचून ब्रेक दाबला, तशी ती पायरीवर चढली, चावी फिरवून काढून घेतली आणि जुन्या वाटेवरच्या एका भेगेवर धरून उभी राहिली.

"एक पाऊल पुढे टाक, ही चावी तुझ्या पान्याला भेटायला पाठवते. बिचारा कधीचा एकटा पडलाय आत."

चहावाला हसला. उतावळ्याचं तोंड लाल झालं. "ताई, वेडेपणा करू नकोस. दे ती."

"देते. आधी खाली बस आणि मी दाखवते तिथे बोट घाल."

तो बसला. चावीपुढे काय करणार? त्याने बोट घातलं, माती उकरली, आणि बोटाच्या टोकावर एक हरभरा वर आला. टच्च फुगलेला, खाली पांढरं कोवळं मूळ फुटलेला.

चहावाला वाकून बघत म्हणाला, "पेरलंय रे हिने."

उतावळ्या कितीतरी वेळ त्या मुळाकडे बघत होता. पलीकडे त्याची ढेकळं तशीच पडलेली होती. "नांगर न लावता..." एवढंच तो पुटपुटला.

"आहे तिथे परत ठेव तो," ताई म्हणाली. "मूळ खाली करून. आणि वर माती सार."

त्याने ठेवला. माती सारली. ताईने चावी त्याच्या हातात दिली.

ट्रॅक्टर तिथेच सोडून तो गावाकडे निघाला, मान खाली घालून, जन्मभराच्या सवयीने थेट रानातून. पहिला पाय पेरलेल्या मातीत पडणार, तोच मी ओरडले. ताईच्याही आधी.

"ए! बांधावरून!"

तो थांबला. वळला. आणि गेला बांधावरून.