सावलीतल्या चवळीचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुनं बुजगावणं आहे. अंगात पुरुषाचा सदरा आहे म्हणून स्वतःला पुरुष समजतो, एवढंच. बाकी बांबूचे दोन दांडे, पेंढ्याचं पोट आणि डोक्याला काळं मडकं. मडक्यावर चुन्याचे डोळे काढलेत, तोंड काढायचं राहून गेलं. सदरा मात्र भारी हं! माझा मालक महादू, त्याचा मेहुणा कमलेश बोईसरच्या कारखान्यात घालायचा तो निळा. खिसा अजून शाबूत आहे.

पालघरच्या डोंगरउतारावर महादू आणि त्याची बायको शकू यांचं नाचणीचं छोटं शेत आहे. तिथे मी कित्येक पावसाळे उभा राहिलो. "आपला गडी लय कामाचा हाय," असं महादू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मला बरं वाटायचं. पण खरं सांगू? माझ्याजवळ कधी कुणी आलंच नाही. पाखरूसुद्धा खांद्यावर टेकलं नाही. दिवसभर बोलणार तरी कुणाशी?

मागच्या साली भेकरं, ती कुत्र्यासारखी भुंकणारी छोटी हरणं, फार झाली. मी शेताच्या एका टोकाला, ती शिरली दुसऱ्या टोकाने. निम्मी कणसं फस्त! शकू म्हणाली, "यंदाबी नाचनी गेली तर वीटभट्टीवर जावं लागंल. मला नाय जायाचं घर सोडून."

महादूने डोकं लढवलं. शेताच्या वर त्यांचीच झाडीची पट्टी आहे, ऐन, जांभूळ, करंज अशी गच्च. भेकरांना तिथेच खायला मिळालं तर ती खाली कशाला उतरतील? त्याने पालापाचोळा झाडला, सकाळचं ऊन जमिनीवर पोचावं म्हणून खालच्या फांद्या छाटल्या आणि चवळी पेरली. सावलीत ती जरा लुकडीच उगवली, पण उगवली.

आणि मग त्याने काय करावं? बी पडलं की बुजगावणं उभं करायचं, ही त्याच्या हाताला लहानपणापासूनची सवय. मला शेतातून उपटलं आणि चवळीच्या मधोमध रोवलं. अरे देवा!

एका सकाळी भेकराची मादी पाडसाला घेऊन झाडीच्या कडेला आली. मला पाहिलं, भुंकली आणि सरळ खाली नाचणीकडे गेली. ये गं बाई, हे तुझ्याचसाठी आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंड कुठे होतं? त्यानंतर तिथे कुणी फिरकेना. पानांवरून थेंब पडायचे, लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, आणि मी. फार एकटं वाटायचं हो.

"सावली लय हाय, म्हनून येत नाय," असं म्हणत महादू आणखी फांद्या तोडत राहिला. खाली नाचणी कुरतडली जात होती.

शेवटी शकू सरपणाला वर आली. मला बघून तिने मोळीच खाली टाकली. "अवं, पाहुन्यांना जेवाया बोलावलं आन दारात राखनदार उभा केला? डोकं हाय का जाग्यावर?"

महादूने कपाळावर हात मारून घेतला. मला उपटायला गेला, तर ओलीने कुजलेला दांडा मोडला. "ऱ्हाऊ दे त्याला तिथंच. नाचनीत नवा करू," शकू म्हणाली. दोघं उतरून गेली. कुणी वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं राबलो आणि हे असं! फार वाईट वाटलं.

मी आडवा पडून राहिलो. चवळीचे वेल छातीवर चढले. आणि ती मादी आली, पाडसासकट. खाऊ लागली. पाडसाने माझ्या खिशावर लोंबणारी शेंग ओढली, त्याचं ओलं नाक सदऱ्याला लागलं. जन्मभर मी दुसऱ्यांना घाबरवलं, पण तेव्हा मीच घाबरलो. हे पळून तर जाणार नाही ना?

नाही गेलं. रोज येतं. खाली उरलेली नाचणी कापून झाली आणि शकू घरीच आहे.

मित्रांनो, कुणासाठी ताट वाढलंत, तर दारात काय उभं केलंय तेही एकदा बघा. आणि कधी या झाडीत आलात, मी पडलेला दिसलो, तर कीव करून मला उभं करू नका.