झाकणातली सासू

कराडच्या कॉलेजातली स्वप्नाली दारात आली तेव्हा मी मनात म्हटलं, चला, कुणाला तरी अक्कल आली. आमच्या गावातलं दारूचं दुकान आम्ही बायकांनी मतदान करून बंद पाडलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. आम्ही आडवी केली. आता कॉलेज त्या चळवळीचं प्रदर्शन भरवणार, आणि गावात कुणाकडं चिटोरं निघेना.

"आजी, तुमच्याकडं कात्रणं आहेत म्हणे?"

"हायत की. पण वहीबिही न्हाई. ट्रंक हाय."

आमच्या सुभेदारांची पलटणीतली काळी ट्रंक. वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. झाकण उघडलं की आतून चिकटवलेला सगळा माझा कारभार. मोर्चाचे फोटो, बातम्या, आमचं पत्रक. वाचायला मला वेळ लागतो, त्यामुळं दोन-तीन बातम्या उलट्या लागल्यात. लागल्या तर लागल्या, माणसं सरळ आहेत. खळीत मोरचूद घातलेला, झुरळाची मिशी शिवलेली नाही. मधोमध माझी सासू, अंबूबाई, आमच्या आत्याबाई. हातात लाटणं, आणि तोंड असं की फौजदार मागं सरकलेला.

स्वप्नाली हरखली. "आजी, ट्रंकच न्यायला पाहिजे!"

तेवढ्यात सुभेदार मळ्यातनं आले. "ट्रंक कुठं जायची न्हाई. माझी हाय."

"झाकण माझं हाय," मी म्हटलं.

"मग झाकण वाजवत बस."

पोरगी बिचारी चहा पिऊन, शनिवारी गाडी पाठवते म्हणून गेली. मला झोंबलं. त्या फोटोतल्या निम्म्या बायका आता नाहीत, आत्याबाईही नाहीत. त्यांची तोंडं ह्या झाकणाशिवाय कुठं दिसायची नाहीत, आणि ह्यांचा हट्ट.

कारण मला ठाऊक होतं. त्या काळी ट्रंकेत कॅन्टीनची रम असायची. मी गावभर बाटली आडवी करत फिरायची आणि आमच्या घरात उभ्या. बायका तोंडावर म्हणायच्या, "येसूबाई, आधी तुझ्या घरचं दुकान बंद कर." भांडून उपयोग नव्हता. पण आमच्याकडं माणूस केवढाही सुभेदार होऊ दे, आईसमोर पेला धरत नाही. मग बाटल्यांच्या वर, झाकणाला, मी त्यांची आईच चिकटवली. झाकण उघडलं की लाटणं!

सुभेदार डोळे मिटून बाटली काढायला गेले, पेला फुटला. पुढं कॅन्टीनमधनं नुसता साबण यायला लागला. दोस्तांना मात्र सांगतात, डॉक्टरनं बंद केली.

शुक्रवारी जेवताना मी विषय काढला. "आवं, कुणी इचारलं तर सांगीन, जागा न्हवती म्हणून झाकणाला लावलं."

"तू गप बसणार? तुझ्या तोंडाला कडी हाय का?"

"आत्याबाईंसाठी बसीन. त्यास्नी कॉलेज दावायचं हाय मला."

सुभेदार भाकरी मोडत बसले. "आईनं शाळंची पायरी न्हाई बघितली," एवढंच म्हणाले.

सकाळी बघते तर ट्रंक अंगणात, पुसून लख्ख. गाडी आली तसे स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसले. मांडीवर पिशवी.

कॉलेजात पोरींनी झाकण उघडून ठेवलं. एकीनं विचारलंच, "आजी, ट्रंकेच्या आत का लावलं?"

"जागा न्हवती, बाळा..."

"जागाबिगा काय न्हाई," सुभेदार मधेच म्हणाले. पिशवीतनं रमची बाटली काढली, सील तसंच. "हिच्यापायी लावलं. आईसमोर पिता येत न्हाई मला. ठेवा ही पण."

ट्रंकेत बाटली उभी ठेवली. मग वर आईकडं बघितलं आणि हळूच आडवी केली. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मी जवळ सरकले. "कुठं लपवलेली?"

"मोटरच्या खोलीत. पिली न्हाई की."

"इतकी वर्सं? घरी चला, बघते तुमच्याकडं."

"हळू बोल," ते म्हणाले, "आई ऐकतीया."