सरावाच्या फाईलमधली खरी माणसं

मी सरावाची फाईल बोलतेय. म्हणजे बहुतेक मीच बोलतेय. माझ्यासारख्या हुबेहूब आणखी अकराजणी होत्या, त्यामुळे 'मी' म्हणताना जरा चाचरायला होतं.

माझा जन्म एका प्रशिक्षण वर्गातला. कागदावरच्या नोंदी संगणकात कशा ठेवायच्या, कशा शोधायच्या, हे शिकायला ऑफिसातली माणसं तिथे पाच दिवस येत. सरांनी चहा गार होईपर्यंत बसून मला तयार केलं. एक फर्निचरचं दुकान, त्याची चाळीस गिऱ्हाइकं. प्रत्येकाचं नाव, फोन आणि आवडतं लाकूड. दुकान खोटं, गिऱ्हाइकंही खोटी. बारा संगणकांवर बारा प्रती टाकल्या, त्यातली मी सात नंबरवरची.

सोमवारी सर सगळ्यांना म्हणाले, "बिनधास्त मोडतोड करा. दर शुक्रवारी पाचला मी हे पुसतो आणि नवी प्रत टाकतो." म्हणजे माझं आयुष्य पाच दिवसांचं. गेल्या आठवड्यात माझ्या जागी कोण होती, तिचं काय झालं, काही कळायला मार्ग नव्हता.

एका संगणकावर दोघं बसत. माझ्यासमोर एका गोदामातले कारकून होते आणि रक्तपेढीत नोंदणी करणाऱ्या बाई. पेढीत बदली माणूस न मिळाल्यामुळे बाई आल्या मंगळवारी. सरांचं सोमवारचं वाक्य त्यांच्या कानावर पडलंच नाही.

माणसांची मला गंमत वाटते. ओळ पुसायचं बटण दाबताना ती श्वास रोखून धरतात. सेव्ह मात्र तीन-तीनदा करतात, कुलूप लावल्यावर ओढून पाहावं तसं. बाईही तशाच. पण त्यांनी बरोबर एक डबा आणला होता. त्यात एका दुर्मिळ रक्तगटाच्या सत्तावीस दात्यांची कार्डं.

"ही कशाला आणलीत?" कारकुनांनी विचारलं.

"नुसता सराव काय करायचा? तेवढंच खरं काम हातावेगळं होईल. पेढीत मान वर करायला फुरसत नाही हो."

आणि मग ते चमत्कारिक सुरू झालं. नाव नि फोन माझ्यात घातला की बाई कार्ड तिरकं फाडायच्या. पेढीची जुनी पद्धत. नोंद नव्या जागी उतरली की जुना कागद फाडायचा, म्हणजे तेच काम दोनदा होत नाही. तुकडे टोपलीत जात, आणि टोपली सफाईवाल्या मावशी रोज रिकामी करत.

मी पार गोंधळले. फर्निचरच्या दुकानात ही कोण मंडळी? लाकडाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून बाई प्रत्येकाला लाकूड वाटत सुटल्या. "हे हाकेसरशी धावत येतात, यांना सागवान. यांनी दोनदा टांग दिली, यांना प्लायवूड."

गुरुवारी सरांनी वीस गिऱ्हाइकं मनाने घालायला सांगितली. कारकुनांनी भराभर घातली. सुचतील ती नावं, बोटाला येतील ते आकडे. माझ्यात आता सत्त्याऐंशी माणसं झाली, आणि सरांनी ती नावांच्या क्रमाने लावायला लावल्यामुळे सगळी एकमेकांत मिसळली.

शुक्रवारी बाई परीक्षा पास झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. सर एकेक संगणक पुसत सहाव्यावर आले. बाई पर्स उचलत म्हणाल्या, "सोमवारी पेढीत उघडलं की सगळे दिसतील ना, सर?"

"कोण सगळे?"

"माझे दाते."

सरांचा हात थांबला. "बाई, हा संगणक तुमच्या पेढीला जोडलेला नाही. मी आता हे पुसणार आहे."

बाईंनी उचललेली पर्स परत खाली ठेवली. "कार्डं तर मी फाडली हो."

सरांनी मला पेनड्राइव्हवर घेतलं. स्वतःची चाळीस गिऱ्हाइकं काढून टाकली. ती त्यांना ओळखता आली. उरले सत्तेचाळीस. त्यातले कारकुनांचे वीस कोणते?

"हे काका माझे असतील," कारकून घाम पुसत म्हणाले. "छे, तुमचेच वाटतात. मला काही आठवत नाही हो!"

बाईंना नऊजण नावाने आठवले. बाकीचे त्यांना फक्त कार्डावर भेटलेले. मला बोलता आलं असतं तरी उपयोग नव्हता. माझ्यासाठी सगळ्या ओळी सारख्याच. खरं की खोटं, असा रकाना सरांनी मला दिलाच नव्हता.

आता मी रक्तपेढीत आहे. मी तीच की प्रत, ते विचारू नका. सोमवारपासून बाई एकेक नंबर फिरवायला लागल्या. "रक्तपेढीतून बोलतेय. तुम्ही आमचे दाते ना?" जो 'हो' म्हणेल तो खरा. नंबर लागतच नसेल किंवा भलत्याचाच निघाला, तर ओळ पुसायची. कारकुनांनी मनाने घातलेल्या एका नंबरावर कुणीतरी बाई निघाल्या. म्हणाल्या, "त्या नावाचं इथे कुणी नाही. पण मी येऊ का रक्त द्यायला?" ती थाप होती की माणूस, मला अजून उलगडलेलं नाही.

सव्वीस खरे सापडले. दोन नंबर नुसते वाजत राहतात. त्यातला एक दाता आहे आणि एक कारकुनांची कल्पना.

"दोन्ही पुसून टाका," पेढीचे साहेब म्हणाले.

"त्यात एक माणूस आहे, साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुसलं नाही.

रोज अकराला त्या मला उघडतात आणि दोन्ही नंबर लावतात. मी दोन्ही ओळींकडे टक लावून बघते आणि मला काही म्हणता काही कळत नाही. म्हणून तुम्हालाच विनवते. अकराच्या सुमाराला अनोळखी फोन वाजला, तर उचला. नाव भलत्याचंच असलं तरी ठेवून देऊ नका. बाई फार वेळ धरून असतात.