जिन्यांमधलं अंतर

जयवंतरावांनी एका हाताने लोणच्याची बरणी उचलली आणि तिच्याखालचा एकोणचाळीस पानांचा गठ्ठा दुसऱ्या हाताने ओढून पलंगावरच्या उशीखाली सारला. वरच्या पानावर बरणीच्या बुडाचा तेलकट गोल उमटला होता. गेल्या चौदा महिन्यांत त्या पानांवर उमटलेली एवढी एकच गोष्ट.

"अहो, मेघना आलीय," ललिताबाई दारातून म्हणाल्या. "लालबागची. तुमची विद्यार्थिनी."

हे सांगायची गरज नव्हती. गॅलरीतून तिला वाडीत शिरताना पाहिलं म्हणून तर बरणी हलली होती.

मेघना राऊळ आत आली, काकूंच्या हातात मसाल्याची पुडी दिली आणि सरांच्या पाया पडली. जयवंतरावांनी आशीर्वाद दिला. तो देताना त्यांची नजर उशीकडे होती, हे आशीर्वादाच्या दृष्टीने बरं नव्हे.

"भावाच्या डंकावर कुटलेला आहे काकू. जपून घाला, यंदा मिरची तापट आहे."

"कॉलेजात असताना अशीच पुडी आणायचीस," ललिताबाई म्हणाल्या. "लग्नाचं काय?"

"आधी नोकरी, काकू. तिसरं कंत्राट संपतंय जूनमध्ये. पंचवीस तारखेला कायमच्या जागेसाठी मुलाखत आहे. त्याआधी पेपर स्वीकारला गेला तर ठीक. नाहीतर बसते डंकावर. भाऊ म्हणतो, तुझं हिशोबाचं डोकं वाया चाललंय."

जयवंतराव हसले. एकटेच हसले.

हा पेपर परदेशातल्या एका गणिताच्या नियतकालिकाने तपासायला पाठवला होता तो त्यांच्याकडेच. तपासणाराचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही, असा त्या व्यवहाराचा नियम. लेखकाचं नाव मात्र तपासणाराला पहिल्या पानावर ठळक दिसतं. ते दिसताच जयवंतरावांनी नम्रपणे नकार कळवायला हवा होता. पण मुलगी आपली, विषय आपला, बघू तरी काय केलंय, असं म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला.

विषय त्यांचाच होता. बागेतला पाण्याचा पाइप हातात घेतला की त्याला लांबी असते, गोलाई असते. मलबार हिलवरून पाहिला तर ती नुसती सुतळी. एक मिती लांबूनच गिळली गेली. मग कितीही मितींची एखादी आकृती खूप लांबून पाहिली, तर तिच्या किती मिती शिल्लक दिसतील? आकृतीला सगळीकडे ठरावीक तऱ्हेचा बाक असेल, तर निदान दोन तरी नाहीशा होतात, असा जयवंतरावांचा बावीस वर्षांचा अंदाज. सिद्धता काही जमली नाही. निवृत्तीच्या समारंभात नारळ मिळाला, तोही त्यांनी जरा लांबूनच पाहिला.

मेघनाने ते एकोणचाळीस पानांत करून दाखवलं होतं. पहिल्या वाचनात जयवंतरावांना मनापासून आनंद झाला. तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला. मग पेपर ओट्यावर गेला, आणि ओट्यावर गेलेली वस्तू बरणीखाली जायला या घरात वेळ लागत नाही. संपादकांची तीन स्मरणपत्रं आली. तिसऱ्यानंतर, म्हणजे गेल्या महिन्यात, त्यांनी एका दुपारी तेविसाव्या पानावर बोट ठेवून कळवलं: इथे सिद्धता अपुरी आहे. सोबत स्वतः रचलेलं एक उदाहरणही जोडलं. ते पाठवून झाल्यावर त्यांना छान झोप लागली होती. दुसऱ्या दिवसापासून लागेनाशी झाली.

"सर, पेपर तपासणाऱ्या रेफरीने एक आक्षेप घेतलाय," मेघना बॅगेतून कागद काढत म्हणाली. "उत्तर लिहिलंय. पाठवायच्या आधी तुम्ही एकदा बघाल?"

"मी काय बघणार आता? मोतीबिंदू..."

"ऑपरेशन झालंय यांचं," ललिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सुई ओवतात. अहो, बरणीखालचे कागद कुठे गेले? ओट्यावर तेल उतरलंय!"

"असतील तिथेच."

"तिथे असते तर विचारलं असतं का?"

मेघनाने उशीकडे पाहिलं की भिंतीकडे, ते जयवंतरावांना कळलं नाही. ती वाचू लागली.

"त्यांचं म्हणणं असं. मी आकृतीचे तुकडे पाडते आणि सगळे तुकडे एका मापाच्या आत बसतात म्हणते. पण ते कशावरून? समजा, एक अनंत लांबीची दुमजली इमारत आहे. वर गॅलरी, खाली गॅलरी, मध्ये जिने. जसजसं पुढे जावं तसतसे जिने एकमेकांपासून लांब लांब होत जातात. मग वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर जायला वाटेल तेवढं चालावं लागेल, आणि तुकडेही वाटेल तेवढे मोठे होतील."

"हं," जयवंतराव म्हणाले.

"पुढे लिहिलंय, इमारतीच्या टोकाला सार्वजनिक नळ आहे असं मानलं तरी फरक पडत नाही."

स्वयंपाकघरात फोडणी तडतडली.

"आमच्या संस्थेतले लोक म्हणतात, रेफरी फ्रेंच असावा," मेघना म्हणाली.

"फ्रेंच लोक... बारकाईने लिहितात."

"हो ना. नळसुद्धा सोडला नाही." तिने कागद उलटला. "पण सर, चौथ्या पानावर मी अट घातलीय. एकच मर्यादित तुकडा पुन्हा पुन्हा मांडून झालेली आकृतीच मी घेते. म्हणजे जिना एकदा जितक्या अंतरावर आला, तितक्याच अंतरावर कायम येणार. लांब जाऊच शकत नाही. आमच्या लालबागच्या चाळीत दर दहा खोल्यांना जिना आहे. तुमच्या या चाळीतही तेवढ्यावरच असेल. जिने पळत सुटलेली चाळ कुणी बांधलीय? चाळीत राहिलेल्या माणसाला तरी असं सुचणार नाही."

ती हसली नाही. त्यामुळे जयवंतरावांना हसता आलं नाही. एके काळी वर्गात फळ्यावर ते हीच चाळ काढत. दोन गॅलऱ्या, जिने, टोकाला नळ. पहिल्या बाकावर ही बसायची आणि वहीत तो नळसुद्धा काढायची.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही शब्द बदलू नकोस."

"थँक्यू सर."

"मेघना, तो रेफरी..."

"सर." ती कागद बॅगेत घालत होती, तिने वर पाहिलं नाही. "रेफरीचं नाव लेखकाला कळू द्यायचं नसतं. तुम्हीच शिकवलंयत."

गेले चार आठवडे जयवंतरावांनी कबुलीची वाक्यं मनात घोळवली होती, चांगली वाक्यं होती. त्यांचं आता काय करायचं, ते कळेना.

चप्पल घालताना ती थांबली.

"तुमच्या ओळखीत कुणी असतील तसे, तर सांगा फक्त. पंचवीस तारीख आहे म्हणावं. येते काकू."

"अगं, पोहे खाऊन जा!"

"पुढच्या वेळी. पेढे घेऊन येईन, नाहीतर मसाला."

जयवंतराव गॅलरीत आले. मेघना जवळच्या जिन्याने उतरून दिसेनाशी झाली होती. ते या जिन्यापासून पलीकडच्या जिन्यापर्यंत चालत गेले, दारं मोजत. दहा. तिथून पुढे वाडीच्या टोकापर्यंतही गेले. पुन्हा दहा. एकाहत्तर वर्षं ते इथे राहत होते.

घरात येऊन त्यांनी उशीखालचा गठ्ठा काढला, कॉम्प्युटर लावला आणि संपादकांना लिहिलं: तेविसाव्या पानावरचा माझा आक्षेप चुकीचा होता, चौथ्या पानावरची अट मी विसरलो. सिद्धता पूर्ण आहे. पेपर ताबडतोब स्वीकारावा. 'विसरलो' या शब्दाशी ते बराच वेळ थांबले. मग तो पुसून 'दुर्लक्षिली' असं केलं, आणि पत्र पाठवून दिलं.

ललिताबाई पोह्यांची बशी घेऊन आल्या तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता.

"झालं काम?"

"झालं."

ललिताबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कागदावरच्या तेलकट गोलाकडे.

"एवढंच होतं? आणि चौदा महिने बरणीखाली?"

"एवढंच," जयवंतराव म्हणाले, आणि पोह्यांकडे हात नेता नेता त्यांनी तो मागे घेतला.