तिसऱ्यांचं डिपॉझिट

वॉर्डात तीन उमेदवार उभे आहेत, एवढंच त्या दिवशी श्यामकांतरावांच्या डोक्यात होतं. म्हणून तर सगळा घोळ झाला.

बोरिवलीच्या खाडीकाठी, वाडीच्या चौकात त्यांची सभा चालली होती. वाडीतली प्रेमा उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, तिसऱ्यांचं काय करणार ते सांगा!"

श्यामकांतरावांना वाटलं, ही तिसऱ्या उमेदवाराबद्दलच विचारतेय. माईक तोंडाशी धरून ते गरजले, "तिसऱ्यांचं? डिपॉझिट जप्त करणार! खाडीत बुडवणार त्यांना!"

अख्खी वाडी हसून लोळली. अहो, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, खाडीतच तर राहतात त्या! हसली नाही ती एकटी प्रेमा. बचत गटाच्या बायकांना घेऊन तिने खाडीच्या चिखलात बांबू रोवून, जाळं बांधून तिसऱ्यांचा वाफा केला होता. दिवाळीनंतर बी टाकलेलं, पावसाळ्याआधी पीक निघायचं. आणि पलीकडच्या टॉवरवाल्यांना हवी असलेली जेट्टी नेमकी त्याच वाफ्यावरून जाणार होती. पीक निघेपर्यंत काम थांबवणार की नाही, एवढंच तिला उमेदवारांच्या तोंडून ऐकायचं होतं.

दुसरा उमेदवार चैतन्य. त्याला तिने शेवाळाबद्दल विचारून पाहिलं होतं, कारण पुढच्या वर्षी गट दोरीवर समुद्रातलं शेवाळ लावणार होता. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "काकी, टेन्शन नको. निवडून आलो की आठवड्यात सगळं शेवाळ साफ!" तिसऱ्या वसुधाताई. त्या वाडीत फिरकल्याच नाहीत. उरले श्यामकांतराव, आणि येणार तर तेच, असं सगळेच म्हणत होते.

सभेचा व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला आणि श्यामकांतरावांची पार शोभा झाली. दोन दिवसांत त्यांचा कार्यकर्ता प्रेमाच्या दारात. "साहेब रविवारी तुमच्याकडे जेवायला येतायत. कॅमेऱ्यासमोर तुमच्या शेतीला जाहीर पाठिंबा. तिसऱ्या मात्र झकास करा हां!"

"बघ, देव पावला गं!" प्रेमाची जाऊ मानसी म्हणाली.

"कसला पावतोय! वाफ्यात अजून नखाएवढं बी आहे. ते काय ताटात वाढू?"

पण दारी जेवायला येणाऱ्या माणसाला नुसत्या भातावर उठवायचं, तेही रत्नागिरीकडच्या बाईने? ते काही तिच्या जिवाला पटेना. रविवारी सकाळीच ती दहिसरच्या बाजारात गेली आणि चांगल्या टपोऱ्या तिसऱ्या घेऊन आली. मांस चिकटलेली एकेक शिंपली ठेवून एकशिपी केली, वर ओलं खोबरं सढळ हाताने घातलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या.

श्यामकांतराव जेवले मात्र मनापासून. पुढ्यात शिंपल्यांचा ढीग झाला. मग त्यांनी बोटं चाटली, एक शिंपली उचलून कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाले, "बघा, आपल्या खाडीची तिसरी! केवढी भरलीय! या भगिनींना माझा पूर्ण पाठिंबा. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे यांचं पीक तयार झालंय. तेव्हा पुढच्या महिन्यात जेट्टीचं काम सुरू करायला आता कुणाचीच हरकत नाही!"

टाळ्या पडल्या. प्रेमाच्या हातातला डाव तसाच राहिला. आपल्याच पाहुणचाराने आपली वाट लावली! आता गप्प बसावं तर वाफा गेला, आणि बोलावं तर गावभर नाचक्की. मानसीने मागून पदर ओढला. प्रेमाने तो सोडवून घेतला.

"साहेब, ह्या विकतच्या आहेत. दहिसरच्या बाजारातल्या."

"म्हणजे फसवलंत साहेबांना?" कार्यकर्ता उसळला.

"फसवतेय कशाला? जेवायला घातलं. आमचं पीक बघायचंय तर चला."

ओहोटी होती. सगळी वरात बांधावर आली. प्रेमा गुडघाभर चिखलात उतरली, मूठभर बी उपसलं, धुतलं आणि श्यामकांतरावांच्या तळहातावर ठेवलं. इवल्या इवल्या शिंपल्या, मुगाच्या डाळीहून जरा मोठ्या.

"ह्याला पीक म्हणता?" तिने विचारलं.

त्यांनी खूण करून कॅमेरा बंद करायला लावला. हातावरचं बी बोटाने चाळून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "मे महिन्यापर्यंत काम थांबवतो, ताई. शब्द देतो."

"मग कॅमेरा चालू करा आणि हेच बोला."

"ते नाही जमणार. टॉवरवाल्यांना मी तारीख देऊन बसलोय. समजून घ्या ना."

त्यांनी बी बांधाच्या दगडावर अलगद ठेवलं, रुमालाला हात पुसले आणि निघाले. प्रेमाला रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला. चार जण बघतायत म्हटल्यावर जो शब्द तोंडातून निघत नाही, त्याच्या भरवशावर तिने बायकांची इतक्या महिन्यांची मेहनत ठेवायची?

तिने बांधावरचं बी उचलून टोपलीत टाकलं. मग वाफ्याच्या जाळ्याची गाठ सोडायला घेतली.

"अगं, काय करतेस?" मानसी ओरडली.

"वर तिवरांच्या झाडीकडे हलवूया. तिथे जेट्टी येत नाही."

"वेडी झालीस? उचललेलं बी अर्धं मरतं!"

"मरू दे. इथे ठेवलं तर सगळंच जाईल."

मानसी साडी खोचून चिखलात उतरली. आणखी दोघीतिघी टोपल्या घेऊन आल्या.

"मग मत कुणाला द्यायचं गं?" मानसीने वाकल्या वाकल्या विचारलं.

"ते बघू नंतर," प्रेमा म्हणाली. "आधी बी उचल. पाणी चढायला लागलंय."